जखमेला वाचा फुटली; ऐकणार कोण?

आमचे एक नातलग तालुक्याच्या गावी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. सारे गाव त्यांना 'गुरुजी' म्हणूनच ओळखते. पंधरा वर्षांचा मधुमेह अंगावर वागवीत २०२४ च्या आषाढात त्यांनी पायी वारी केली आणि तीही शेवटचे दोन टप्पे अनवाणी. घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी नातीने विचारले, "आजोबा, फरशीवर हे कसले डाग पडलेत?" डाग रक्तमिश्रित पाण्याचे होते आणि ते गुरुजींच्याच उजव्या पावलातून ठिबकत होते. बोटांच्या बुडाशी, तळव्यात, एक बारीक खडा रुतून बसला होता. त्याचा गुरुजींना पत्ताच नव्हता. दुखले असते तर पहिल्याच मुक्कामी त्यांनी तो काढून टाकला असता. पण दुखलेच नाही. पुढे ज्या रुग्णालयात त्यांना नेले, तेथे रोज पट्टीवर पट्टी चढत राहिली. पट्टीखाली काय चालले आहे हे नीट पाहायला कोणाला सवड झाली नाही. अकराव्या दिवशी दुर्गंधी सुटली तेव्हा धावाधाव झाली आणि अखेर दोन बोटे काढावी लागली.

हा प्रसंग वाचताना अनेक वाचकांना आपल्या घरातले कोणी आठवले असेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचे सांगितले. सर्वाधिक प्रमाण आढळले ते आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के, म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून अधिक. वर्षानुवर्षे रक्तात वाढलेली साखर पायाच्या नसा बधिर करते, रक्तवाहिन्या अरुंद करते आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशींचे बळ हिरावून घेते. वेदना कळत नाही, रक्त पोहोचत नाही, संसर्ग आवरत नाही. या तीन संकटांच्या कात्रीत सापडलेली जखम आठवडे-महिने चिघळत राहते.

गुरुजींची बोटे गेल्यानंतर काही महिन्यांनी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, एक बातमी वाचनात आली. अमेरिकेतील 'कॅलटेक' या विख्यात संस्थेचे प्रा. वेई गाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जखमेतून पाझरणारा द्रव सतत तपासणारी पट्टी तयार केली असून दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमा असलेल्या २० रुग्णांवर तिचा प्रयोग केला आहे. जखमेत दाह किंवा संसर्ग डोळ्यांना दिसू लागण्याच्या एक ते तीन दिवस आधीच या पट्टीला त्याची चाहूल लागू शकते, असा या संशोधकांचा दावा आहे. गुरुजींच्या पायावर अशी पट्टी असती तर? हा प्रश्न त्या दिवसापासून मनातून जात नाही. ज्या गोष्टीने घरात एवढा घाव घातला, तिच्यावर विज्ञानाने काय उपाय काढला हे जाणून घेण्यासाठी बरेच वाचले. आणि जसजसे वाचत गेलो तसतसा हा 'तर?' मला वाटला होता तितका सोपा राहिला नाही.

मुळात पट्टी ही मुकी वस्तू. ती जखम झाकते, स्राव शोषते, धुळीपासून राखते. जखमेला वारा लागू द्यावा, खपली धरू द्यावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवून दिले की, पातळ पॉलिथिनने झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने चढते. तेव्हापासून पट्टीचे शास्त्र बदलले. पण पट्टी मुकीच राहिली. शिवाय नवी अडचण आली. जखम ओलसर, बंद ठेवायची तर वारंवार उघडायची नाही. आणि उघडायची नाही तर आत काय चालले आहे हे कळायचे कसे? 'स्मार्ट बँडेज' जन्माला आले ते या पेचातून.

जखमेची स्वतःची एक भाषा असते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. चिघळलेली जखम अल्कधर्मी होत जाते. संसर्ग सुरू झाला की त्या भागाचे तापमान वाढते. द्रवातील युरिक आम्ल, लॅक्टेट यांचे प्रमाण बदलते. त्वचेचा विद्युत्‌रोध जखम भरत आली की एका रीतीने बदलतो, बिघडली की दुसऱ्या. कागदासारख्या पातळ, लवचिक पटलावर बसवलेले सूक्ष्म संवेदक हे फरक टिपतात आणि बिनतारी संदेशाने भ्रमणध्वनीवर पाठवतात. २०१८ मध्ये बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठातील प्रा. समीर सोनकुसळे यांच्या चमूने तीन मिलिमीटरहूनही कमी जाडीची अशी पट्टी सादर केली. ती आम्लता आणि तापमान मोजते व गरज भासल्यास आतल्या आत ऊब देऊन साठवलेले प्रतिजैविक जखमेवर सोडते. २०२२ च्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यांची पट्टी जखमेचे तापमान व विद्युत्‌रोध मोजते आणि सौम्य विद्युत्‌प्रवाह देऊन जखम भरण्यास मदतही करते. उंदरांवरील प्रयोगांत जखमा सुमारे २५ टक्के लवकर भरल्या. ही पट्टी काढताना नव्या त्वचेची सालटी निघू नयेत म्हणून तिचा चिकट थर शरीराच्या तापमानाहून थोड्या अधिक उबेला, ४० अंशांच्या आसपास, आपोआप सैल होतो. जखमेला चिकटलेली पट्टी ओढताना होणारी तगमग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही छोटी सोय किती मोठी आहे हे सांगायला नको.

प्रा. सोनकुसळे हे नाव वाचून मराठी वाचक क्षणभर सुखावेल. सुखावावेच. पण परदेशी प्रयोगशाळेतील आपल्या माणसाचे नाव वाचून टाळी वाजवायची आणि पान उलटायचे, ही आपली जुनी सवय आहे. तशीच दुसरी सवय म्हणजे, 'यात नवे ते काय? आमच्या सुश्रुताने हे सारे सांगून ठेवले आहे' असे म्हणून मोकळे होणे. सुश्रुताने संवेदक सांगितलेले नाहीत. तसे म्हणणे हा त्याचा गौरव नव्हे, अवमान आहे. कारण त्यामुळे त्याने खरोखर जे सांगितले ते वाचण्याची गरजच आपल्याला वाटेनाशी होते.

त्याने काय सांगितले? व्रणाच्या चिकित्सेचे अपतर्पणापासून रक्षाविधानापर्यंत साठ उपक्रम सांगितले. शरीराच्या कोणत्या भागाला कोणत्या आकाराचा बंध बांधावा हे सांगितले. व्रणाचा रंग, गंध, स्राव आणि वेदना यांवरून तो कोणत्या अवस्थेत आहे हे ओळखण्याची रीत सांगितली. बंध केव्हा सोडावा याचाही ऋतुमानाप्रमाणे विचार केला: हेमंत, शिशिर व वसंत या ऋतूंत तिसऱ्या दिवशी, शरद, ग्रीष्म व वर्षा या ऋतूंत दुसऱ्याच दिवशी. उष्मा आणि दमटपणा वाढला की जखम लवकर बिघडते, हे निरीक्षण त्यामागे आहे. आणि सूत्रस्थानात 'व्रणितोपासनीय' नावाचा एक संपूर्ण अध्याय आहे. जखमी माणसाची खोली कशी असावी, शय्या कशी असावी, त्याच्याजवळ कोणी बसावे, हा त्याचा विषय. प्रिय बोलणारे सुहृद रुग्णाजवळ असावेत आणि त्यांनी गोष्टी सांगून त्याची वेदना हलकी करावी, असे हा शल्यविद्येचा आचार्य सांगतो. शस्त्राने छेद कसा घ्यावा हे सांगणाऱ्या ग्रंथात रुग्णाजवळच्या माणसासाठी एक अध्याय राखून ठेवला आहे. पट्टीखाली काय चालले आहे हे पाहणारे एक जबाबदार माणूस ही त्या चिकित्सेची पूर्वअट होती. गुरुजींच्या बाबतीत नेमकी तीच पुरी झाली नाही.

येथे एका विदेशी वैद्याची आठवण काढणे आवश्यक आहे. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ चा, तमिळ प्रदेशातल्या कोल्ली डोंगरावर, मिशनरी आईवडिलांच्या पोटी. त्यांच्या संस्थेच्या धर्मविषयक हेतूंबद्दल आपले मतभेद असतील आणि ते लपवण्याचे कारण नाही. परंतु वेल्लोरमध्ये १९४६ पासून त्यांनी कुष्ठरुग्णांमध्ये जे पाहिले, ते जगाच्या वैद्यकाला मिळालेले धन आहे. कुष्ठरोगात बोटे 'गळून पडतात', मांस आपोआप सडते, असा तोवर समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले की, बोटे रोगाने थेट जात नाहीत. वेदना न कळल्याने जातात. गंजलेले कुलूप उघडताना किल्लीने बोट हाडापर्यंत कापले तरी मुलाला कळत नाही. झोपेत उंदीर बोटे कुरतडतो आणि रुग्णाला जाग येत नाही. माणसाचे शरीर अखंड राखणारा पहारेकरी म्हणजे वेदना, हा त्यांचा सिद्धांत पुढे मधुमेही पावलांनाही तंतोतंत लागू पडला.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या कार्व्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तेथे त्यांनी एक धाडसी प्रकल्प हाती घेतला. निसर्गाने हिरावलेली वेदना यंत्राने परत द्यायची! हातमोज्यांत व पायमोज्यांत दाब मोजणारे संवेदक बसवले. दाब मर्यादेबाहेर गेला की कानात शिटी वाजे. रुग्णांनी शिटीकडे दुर्लक्ष केले. मग दिवे लावले. दिव्यांकडेही दुर्लक्ष झाले. शेवटी जेथे संवेदना शाबूत होती त्या काखेत विजेचा झटका देण्याची व्यवस्था केली. तेव्हा काय झाले? एखादे काम करायचे आहे आणि झटका बसणार आहे, असे दिसले की रुग्ण यंत्र बंद करीत, काम उरकीत आणि यंत्र पुन्हा चालू करीत. काही वर्षांच्या खटपटीनंतर ब्रँड यांनी तो नाद सोडला. आपली वेदना आपल्याला बंद करता येत नाही, म्हणूनच आपण तिचे ऐकतो, हे त्यांना या अपयशातून उमगले.

स्मार्ट बँडेजच्या बातम्यांमध्ये ब्रँड यांचा हा प्रयोग क्वचितच येतो. यायला हवा. आजचे संवेदक त्या काळच्या संवेदकांहून शतपटीने सूक्ष्म आहेत, यात शंका नाही. पण कार्व्हिलमध्ये संवेदक हरले नव्हते. शिटी वाजली होती. ऐकणारा कमी पडला. उद्या गुरुजींच्या पायावर जगातली सर्वांत चतुर पट्टी बांधली आणि तिने पहाटे तीन वाजता भ्रमणध्वनीवर तांबडा इशारा पाठवला, तर तो कोण पाहणार? मुलगा पुण्याला, सुनेला त्यातले कळत नाही, स्थानिक डॉक्टरांचा दूरध्वनी बंद, तालुक्याच्या रुग्णालयात शल्यविशारदाचे पद रिकामे. इशारा पोहोचेल, उपचार पोहोचणार नाही. आमच्या घरात तर अकरा दिवस नाकाला येणाऱ्या वासाचा इशाराही कोणी वेळेवर घेतला नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, या तंत्रज्ञानाचा विचार आपण पट्टीपासून नव्हे, माणसापासून सुरू केला पाहिजे. हे तंत्रज्ञानविरोधी मत नाही. भारतासारख्या देशात, जेथे डॉक्टर दूर आणि घर जवळ, तेथे जखमेची खबर अंतर तोडून नेणारे साधन वरदानच ठरेल. मात्र ती खबर घेणारी साखळी आधी उभी असावी लागेल. आपल्याकडे २००५ पासून गावोगावी आशा सेविका आहेत. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची मधुमेह व रक्तदाबासाठी चाचपणी करण्याचे काम त्यांच्याकडे आहेच. त्या घरी येतात, साखर विचारतात. पण मोजे उतरवून तळवा पाहतात का? दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा एक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून 'कळले का?' असे विचारले, की पाय बधिर झाला आहे की नाही हे दोन मिनिटांत समजते. या धाग्याला वीज लागत नाही, इंटरनेट लागत नाही.

चांपा येथील भारतीय कुष्ठ निवारक संघाचे कार्य अनेक वाचकांना ठाऊक आहे. स्वतः कुष्ठरोगाने ग्रासलेल्या सदाशिव गोविंद कात्रे यांनी १९६२ मध्ये ते सुरू केले आणि मूळचे अमरावती जिल्ह्यातले दामोदर गणेश बापट यांनी ते पुढे अनेक दशके वाहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये ते गेले. ज्या जखमांकडे सख्खे नातलग पाहायला तयार नसत, त्यांच्याकडे रोज पाहणारी माणसे अशा ठिकाणी घडली. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाला स्मार्ट बँडेजची भारतीय चाचणी करायची असेल, तर ती अशा जागी करावी, असे मला मनापासून वाटते. तेथे जखमेची भाषा जाणणारे डोळे आधीच आहेत. संवेदक काय सांगतो आणि अनुभवी डोळा काय सांगतो, याची तुलना होऊ शकेल.

चाचणी भारतीय हवी, हा आग्रह भावनेपोटी नाही. करोनाच्या साथीत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, काळ्या रुग्णांच्या बाबतीत हे यंत्र रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षाहून जास्त दाखवण्याची चूक गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळजवळ तिपटीने करते. यंत्रात पक्षपाताचा हेतू नव्हता. ज्यांच्या त्वचेवर ते पारखले गेले ती त्वचा वेगळी होती, इतकेच. आता विचार करा, वातानुकूलित प्रयोगशाळेत उंदराच्या पाठीवर पारखलेली पट्टी चंद्रपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, कापूस वेचून आलेल्या नव्हे तर नांगरटीवरून आलेल्या शेतकऱ्याच्या घामेजल्या तळव्यावर काय वाचणार? चिकट थर ४० अंशांना सैल होणार असेल तर आमच्याकडे तो उन्हानेच सैल होईल! हा दोष त्या शास्त्रज्ञांचा नाही. त्यांनी आपल्या हवामानासाठी काम केले. आपल्या हवामानासाठी आपण करायचे.

आणि ते आपल्याला येते. १९६८ मध्ये जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो कृत्रिम पाय घडवला, तो आयात पायांहून सरस ठरला याचे कारण एकच: मांडी घालून बसणारा, उकिडवा बसणारा, अनवाणी चिखलातून चालणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. एक शल्यविशारद आणि एक फारसे न शिकलेला शिल्पी एका बाकावर बसले म्हणून ते झाले. मात्र जयपूर फूट हा पाय गेल्यानंतरचा उपाय. पाय जाण्यापूर्वीच्या उपायासाठीही तशीच बैठक हवी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने कर्नाटकातील अंतःस्रावविज्ञान संस्थेच्या साहाय्याने २०२२ मध्ये त्रिमिती मुद्रणाने घडवलेली पादत्राणे पुढे आणली. त्यांच्या तळाची रचना अशी की, एखाद्या बिंदूवर दाब वाढला की तो भाग आपोआप खाली जातो आणि दाब इतरत्र वाटला जातो. वीज नाही, बॅटरी नाही. ब्रँड यांच्या शिटीला जे जमले नाही, ते येथे रुग्णाने काहीही न ऐकता होते. मला ही वाट अधिक भारतीय वाटते.

किमतीचा प्रश्न आहेच. हृदयातील स्टेंटच्या बाबतीत काय चालले होते ते आपण पाहिले. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने कमाल किमती ठरवल्या तेव्हा औषधयुक्त स्टेंट सरासरी १ लाख २१ हजारांवरून २९ हजार ६०० रुपयांवर आला. एकदा बसवायच्या वस्तूची ही कथा. पट्टी तर पुन्हा पुन्हा बदलायची असते. तिचा संवेदक पुन्हा वापरता येणारा आणि जखमेला टेकणारा थर तेवढा स्वस्त व फेकता येणारा असावा, ही अट आपल्या संशोधन-निधीच्या कागदातच पहिल्यापासून लिहिलेली असावी. वैद्यकीय उपकरणांसाठी २०२० पासून उत्पादन-प्रोत्साहन योजना आहे, २०२३ पासून राष्ट्रीय धोरण आहे. मोठ्या यंत्रांच्या बरोबरीने त्यात या पट्टीलाही जागा मिळावी. जखमेची माहिती कोणत्या देशातल्या संगणकावर साठणार, हेही आधीच ठरलेले बरे.

तोवर काय? अमेरिकेतच एक साधे निरीक्षण सिद्ध झाले आहे. बधिर पावलांच्या मधुमेहीने रोज दोन्ही तळव्यांच्या सारख्याच जागांचे तापमान मोजावे. एका बाजूला फरक २.२ अंश सेल्सिअसहून अधिक आणि लागोपाठ दोन दिवस दिसला, तर चालणे थांबवावे व डॉक्टरांना गाठावे. असे करणाऱ्यांत नव्या जखमा लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे चाचण्यांत दिसले आहे. आणि त्वचेपासून थोड्या अंतरावर धरून तापमान सांगणारे यंत्र? २०२० साली आपण सर्वांनी ते कपाळावर रोखून घेतले होते. कित्येक घरांत ते आज कपाटात धूळ खात पडले आहे. त्यातले बरेचसे कपाळाचा आकडा शरीराच्या तापमानात बदलून दाखवतात, म्हणून ते 'पृष्ठभाग' या खुणेवर लावून वापरावे लागते.

गुरुजींच्या घरी हा परिपाठ आता सुरू आहे. रोज संध्याकाळी परवचा झाला की नात आजोबांचे पाय मांडीवर घेते, तळव्याखाली आरसा धरते आणि प्रत्येक पावलाच्या पाच जागांचे आकडे वहीत लिहिते. गुरुजी तेवढ्या वेळात तिला एक गोष्ट सांगतात. गेल्या महिन्यात टाचेच्या बाहेरच्या अंगाला २.६ चा फरक आला. दुसऱ्या दिवशी २.८. पाय दिसायला अगदी ठणठणीत होता आणि दुखत तर नव्हताच. गुरुजी म्हणाले, "यंत्र बिघडले असेल." नातीने वही मिटली आणि वडिलांना पुण्याला फोन लावला. डॉक्टरांनी टाचेचा घट्टा तासला तेव्हा त्याखाली थोडे पाणी साचलेले निघाले. जखम अजून व्हायची होती.